घाटाच्या अलीकडचा दवाखाना

महाड-पोलादपूरच्या आरोग्याचा इतिहास लिहायला बसलं की सुरुवात विंचवापासून करावी लागते. एकनाथांच्या भारुडात विंचू कामक्रोधाचं रूप घेऊन येतो. सावित्रीच्या खोऱ्यातल्या शेतकऱ्याला मात्र तो नुसतं रूपक म्हणून परवडणारा नव्हता. लाल विंचवाचा दंश होऊन गंभीर अवस्थेत दवाखान्यात पोचलेल्यांपैकी साधारण तीस टक्के माणसं १९६१ ते १९८३ या काळात दगावत होती. पुढे वेळेवर उपचार मिळालेल्यांत हे प्रमाण एक टक्क्याच्या आसपास आलं. हा बदल मुंबईच्या एखाद्या मोठ्या इस्पितळातून खाली झिरपत आला नाही. त्याची सुरुवात महाड तालुक्यातल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात झाली. डॉक्टरांच्या संघटना न्याय्य, सर्वांना सामावून घेणाऱ्या आणि टिकणाऱ्या आरोग्यसेवेचा आग्रह धरतात, तेव्हा तो आग्रह कुठल्या मापाने मोजायचा हे ठरवायला या टापूचा इतिहास उपयोगी पडतो. घराजवळच्या सरकारी दवाखान्यात, एक पैसाही न देता उपचार घेणारा रुग्ण हेच ते माप आहे. त्या रुग्णाच्या बाजूने संघटना किती उभी राहिली, यावर तिची बाकीची भाषा खरी की खोटी हे ठरतं.

आधी मुलूख समजून घेऊ. महाड हे सावित्रीकाठचं जुनं बंदर आणि बाजाराचं गाव. त्याच्या दक्षिणेला पोलादपूर. तिथून एक वाट कशेडी घाटातून रत्नागिरी जिल्ह्यात उतरते आणि दुसरी आंबेनळी घाटातून महाबळेश्वरला चढते. पुण्याकडे जायला वरंधा घाट. जिल्ह्याचं ठिकाण अलिबाग शंभरावर किलोमीटर दूर. सह्याद्रीच्या सोंडांवर आणि दऱ्यांत विखुरलेल्या वाड्या, भाताची खाचरं, दगडी गडगे, कौलारू घरं, पेंढ्याच्या आणि लाकडांच्या राशी. लाल विंचवाला राहायला याहून सोयीची जागा नाही आणि माणसाला त्याच्यापासून लांब राहायला याहून गैरसोयीची नाही. दंश होतो तो अनवाणी पायाला, पेंढा उचलणाऱ्या हाताला, जमिनीवर झोपलेल्या पोराला. म्हणजे हा आजार कुणाला होणार हे घर, काम आणि पायातली वहाण यांनीच आधी ठरवून ठेवलेलं असतं. दंशानंतर आधी मांत्रिकाकडे जाऊन विंचू उतरवून घेण्याची रीत होती. तिला अडाणीपणा म्हणणं सोपं आहे. पण त्या काळच्या डॉक्टरकडेही मांत्रिकाहून फार वेगळं काही नव्हतं. स्टेरॉईड, अ‍ॅलर्जीविरोधी औषधं, अ‍ॅट्रोपिन अशी इंजेक्शनं दिली जात. त्यांतली काही निरुपयोगी होती, तर काही घातकही. विंचूदंशानंतर फुप्फुसात पाणी भरून माणूस मरतो, हे पी. एम. मुंडले यांनी १९६१ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये नोंदवून ठेवलं होतं. तरी पुढची वीसहून अधिक वर्षं त्या नोंदीला उपचाराची जोड मिळाली नाही.

डॉ. हिंमतराव बावस्कर जालना जिल्ह्यातल्या देहेड गावचे. नागपूरच्या सरकारी महाविद्यालयातून डॉक्टर होऊन ते १९७६ साली बिरवाडीला रुजू झाले. त्यांनी पहिल्यांदा जे केलं ते औषध शोधणं नव्हतं. रुग्णाच्या उशाशी बसून टिपणं ठेवणं होतं. दंश झाल्यापासून किती वेळाने उलटी होते, घामाने कपडे कधी भिजतात, हातपाय कधी गार पडतात, रक्तदाब कधी चढतो आणि कधी कोसळतो, हे सगळं तासागणिक नोंदलं गेलं. यातून धोक्याची पूर्वसूचना देणाऱ्या लक्षणांची जी संगती लागली, ती १९८२ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आली. चित्र साधारण असं होतं. विषामुळे शरीरातली अ‍ॅड्रेनलिनसारखी द्रव्यं एकदम उसळतात, रक्तवाहिन्या आवळल्या जातात, हृदयावर भार येतो, ते थकतं आणि फुप्फुसात पाणी भरतं. मग ही आवळण सोडवणारं औषध हवं. रक्तदाबासाठी वापरली जाणारी प्राझोसिनची गोळी नेमकं हेच काम करते. १९८३ पासून ती वापरात आली आणि तिचे परिणाम बावस्कर पतिपत्नींनी १९८६ साली ‘लॅन्सेट’मध्येच मांडले. गोळी स्वस्त होती, तोंडाने घ्यायची होती, तिला शीतकपाट लागत नव्हतं. ती देऊन रुग्णाला झोपवून ठेवायचं आणि रक्तदाबावर लक्ष ठेवायचं, एवढं कुठल्याही प्राथमिक आरोग्य केंद्राच्या आवाक्यातलं होतं. उपचार गरीब दवाखान्याला झेपणारा निघाला याचं कारण तो गरीब दवाखान्यातच जन्मला. काय परवडेल आणि काय नाही याचं भान त्या संशोधनाला पहिल्या दिवसापासून होतं.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे. ही एका असामान्य माणसाची गोष्ट आहे. तिच्यावरून व्यवस्थेविषयी काय सिद्ध होतं? माणूस असामान्य आहे यात वाद नाही. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली ती उगाच नव्हे. पण या यशासाठी लागलेल्या गोष्टींची यादी केली तर असामान्य असं फार थोडं सापडतं. वस्तीपासून पोचता येईल इतका जवळ दवाखाना, त्यात रात्रीही हजर असणारा डॉक्टर, रुग्णाला ठेवून घ्यायला खाट, त्याच ठिकाणी सलग काम करण्याइतका काळ, आणि पाहिलेलं लिहून पाठवायला एखादं नियतकालिक. यांतल्या पहिल्या चार गोष्टी देणं ही सरकारची साधी जबाबदारी आहे. पाचवी गोष्ट डॉक्टरांच्या संघटनेनेही दिली. असोसिएशन ऑफ फिजिशियन्स ऑफ इंडिया ही संस्था १९४४ पासूनची, आणि तिच्या मासिकाने विंचूदंशावरच्या अशा ग्रामीण नोंदींना जागा दिली. लाल विंचू महाडपुरता नाही, तो देशातल्या इतर भागांतही आहे. अशा ठिकाणी हा उपचार पोचला तो छापील शब्दामुळे. २०११ साली याच दांपत्याने महाडच्या आपल्या रुग्णालयात ७० रुग्णांवर केलेली चाचणी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने छापली. नुसतं प्राझोसिन घेतलेल्यांपैकी सुमारे २३ टक्के रुग्णांची लक्षणं दहा तासांत पूर्ण ओसरली. प्राझोसिनच्या जोडीला विंचूदंशविरोधी लस दिलेल्यांत हेच प्रमाण सुमारे ९१ टक्के होतं. ज्या गोळीने नाव मिळवून दिलं, ती एकटी पुरेशी नाही हे त्याच माणसांनी आकड्यानिशी सांगितलं. असामान्य माणसाची वाट पाहत बसण्यापेक्षा सामान्य डॉक्टरला हे करता येईल अशी परिस्थिती टिकवणं शक्य आहे. ते काम एकट्याचं नाही, संघटनेचं आहे.

परिस्थिती टिकवायची म्हणजे काय, हे महाडला वेगळं शिकवायला नको. सार्वजनिक पाणवठे, दवाखाने, शाळा सर्वांना खुल्या असाव्यात असा सी. के. बोले यांच्या नावाने ओळखला जाणारा ठराव मुंबई विधिमंडळाने १९२३ साली केला. त्याला अनुसरून महाड नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळं खुलं केलं. कागदावर काम झालं. पाणी मात्र अस्पृश्यांच्या ओंजळीत आलं ते २० मार्च १९२७ रोजी, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या मागे हजारो माणसं तळ्यावर चालून गेली तेव्हा. पुढे ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठरावच मागे घेतला, आणि मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल लागायला १९३७ साल उजाडलं. त्या ठरावात पाणवठ्यांच्या रांगेत दवाखानाही होता, हे सहसा कुणाच्या लक्षात राहत नाही. दवाखान्याचं दार उघडं असणं हा तेव्हापासूनचा प्रश्न आहे. १९४६ साली भोर समितीने तोच धागा पुढे नेला. पैशाची ऐपत नाही म्हणून कुणी पुरेशा उपचाराला मुकू नये हे तिचं सूत्र होतं, आणि सुरुवातीच्या टप्प्यात चाळीस हजार लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र असा तिचा हिशेब होता. आज सपाटीवर तीस हजारांमागे आणि डोंगराळ भागात वीस हजारांमागे एक केंद्र असं प्रमाण आहे. पण पोलादपूरसारख्या तालुक्यात लोकसंख्येचं माप फसवतं. तरणी माणसं चाकरीला मुंबईत, गावात म्हातारी आणि लहान पोरं, वाड्या एकमेकींपासून डोंगराआड. माणसं मोजली तर एक केंद्र पुरेसं दिसतं. चाल मोजली तर ते तोकडं पडतं. ठराव आणि ओंजळ यांतलं अंतर इथे आजही पायांनीच मोजावं लागतं.

मग या अंतराविषयी बोलायचं कुणी? इथे डॉक्टरांच्या संघटनांचा इतिहास तपासावा लागतो, आणि तो एकरंगी नाही. इंडियन मेडिकल असोसिएशन १९२८ साली कलकत्त्याला स्थापन झाली. तिच्या उद्दिष्टांत वैद्यकशास्त्राची प्रगती, सार्वजनिक आरोग्याची सुधारणा आणि व्यवसायाची प्रतिष्ठा ही तिन्ही शेजारी शेजारी आहेत. व्यवहारात तिसऱ्या उद्दिष्टाने पहिल्या दोघांना पुष्कळदा मागे सारलं. डॉक्टरांची सेवा ग्राहक संरक्षण कायद्याच्या कक्षेबाहेर ठेवावी यासाठी हीच संघटना सर्वोच्च न्यायालयात गेली आणि १९९५ साली हरली. पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा या कायद्याखाली येते असा निकाल लागला. या निकालाची दुसरी बाजू मात्र क्वचितच चर्चिली जाते. जिथे सर्वांनाच विनामूल्य सेवा मिळते ते दवाखाने न्यायालयाने कायद्याबाहेर ठेवले. म्हणजे महाडच्या खासगी इस्पितळात बिल भरणारा माणूस ग्राहक म्हणून दाद मागू शकतो. बिरवाडीच्या केंद्रात फुकट उपचार घेणारा कातकरी मजूर ग्राहक ठरत नाही. १५ ऑगस्ट २०२३ पासून महाराष्ट्र सरकारने आपल्या आरोग्य संस्थांतले उपचार निःशुल्क केले, केसपेपरचे पैसेही बंद केले. निर्णय स्वागतार्हच. पण त्यामुळे एक गोष्ट अधिक ठळक झाली. या रुग्णाकडे पैसा नाही, म्हणून बाजारात त्याचा आवाज नाही. तो ग्राहक नाही, म्हणून ग्राहक मंचात त्याला जागा नाही. केंद्रात डॉक्टर नव्हता, लस संपली होती, रुग्णवाहिका आली नाही, हे आतून पाहणारा आणि अधिकाराने सांगू शकणारा साक्षीदार एकच उरतो, तो म्हणजे डॉक्टर. आणि बदलीची टांगती तलवार असलेला एकटा डॉक्टर हे सांगणार नाही. त्याच्यामागे संघटना असली तरच सांगेल.

संघटना सभासदांसाठी असते, तिच्याकडून समाजसेवेची अपेक्षा कशाला, असा दुसरा आक्षेप येतो. गिरणी कामगारांच्या युनियनला कुणी कापडाच्या प्रतीबद्दल जाब विचारत नव्हतं, हे खरं. पण सभासदांचं हित आणि रुग्णाचं हित दर वेळी एकमेकांविरुद्ध असतं हे गृहीतकच तपासून घ्यायला हवं. जुलै २०१४ मध्ये राज्यातल्या सरकारी वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या ‘मॅग्मो’ या संघटनेने संप केला. त्यात पगाराचे मुद्दे होते, तसाच तात्पुरत्या डॉक्टरांना सेवेत कायम करण्याचा आणि कामाचे तास ठरवण्याचाही होता. संपाने रुग्णांचे हाल झाले, आणि त्यावर झालेली टीका योग्यच होती. तरीही वर्षानुवर्षं तात्पुरता राहणारा किंवा बंधपत्राची मुदत भरून निघून जाणारा डॉक्टर विंचूदंशाच्या शेकडो नोंदी ठेवू शकत नाही, गावाच्या ओळखीचा होऊ शकत नाही. कायम पद ही डॉक्टरची मागणी आहे आणि डोंगरावरच्या वाडीची गरजही आहे. संघटनेचं कौशल्य अशा जागा शोधण्यात आहे. मागण्यांच्या यादीत पगाराच्या शेजारी औषधसाठा, रात्रीची परिचारिका, चालू स्थितीतली रुग्णवाहिका या गोष्टी तितक्याच ठामपणे मांडल्या गेल्या, तर लोक त्या संपाकडेही वेगळ्या नजरेने पाहतील.

जिथे दोन्ही हितं खरोखरच एकमेकांना छेद देतात तिथे कसोटी अधिक कठीण होते, आणि तिचंही एक उदाहरण महाडनेच दिलं आहे. २०१३ साली तपासणीसाठी पाठवलेल्या रुग्णाबद्दल एका निदान केंद्राकडून डॉ. बावस्करांना १२०० रुपयांचा धनादेश आला. त्यांनी तो परत केला आणि महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेकडे तक्रार केली. रुग्ण पाठवण्याबद्दल कमिशन घेणं-देणं २००२ च्या वैद्यकीय आचारनियमांनी निषिद्ध आहे. तरी ‘कट प्रॅक्टिस’ हा शब्द मराठी माणसाला समजावून सांगावा लागत नाही, इतकी ती रुळलेली आहे. पुढच्याच वर्षी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने भारतातल्या वैद्यकीय भ्रष्टाचारावर मोहीम उघडली. पुण्याच्या ‘साथी’ या संस्थेसाठी डॉ. अरुण गद्रे यांनी विवेकी डॉक्टरांच्या मुलाखती घेतल्या, त्यातून मराठीत ‘कैफियत’ हे पुस्तक आलं, आणि याच घुसळणीतून ‘अलायन्स ऑफ डॉक्टर्स फॉर एथिकल हेल्थकेअर’ हे नैतिक आरोग्यसेवेचा आग्रह धरणारं डॉक्टरांचं जाळं उभं राहिलं. त्याआधीची परंपराही होतीच. १९७४ पासून ‘मेडिको फ्रेंड सर्कल’ हाच सूर लावत आलं आहे. २०१७ साली राज्य सरकारने निवृत्त पोलीस महासंचालक प्रवीण दीक्षित यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमून कट प्रॅक्टिसविरोधी कायद्याचा मसुदा करून घेतला. मसुद्याचं कायद्यात रूपांतर झालं नाही.

यावर तालुक्याच्या गावातले डॉक्टर जे म्हणतात ते झटकून टाकण्यासारखं नाही. लाखो रुपये फी भरून शिकायचं, कर्ज काढून दवाखाना टाकायचा, रुग्ण उधारीवर येणार. कमिशन बंद केलं तर धंदा कसा चालायचा? शिवाय मोठी कॉर्पोरेट इस्पितळं जनसंपर्काच्या नावाखाली तेच करतात आणि बोट मात्र छोट्या डॉक्टरकडे दाखवलं जातं. या तक्रारीतला दुसरा भाग शंभर टक्के खरा आहे, आणि कायदा करायचा तर त्याची सुरुवात वरून व्हायला हवी. पहिल्या भागाचं उत्तर मात्र हिशेबात आहे. कमिशन डॉक्टरच्या खिशात येतं ते निदान केंद्राच्या नफ्यातून नाही, तर रुग्णाच्या बिलातून. पोलादपूरच्या वाडीवरून म्हैस विकून तपासणीला आलेला माणूस डॉक्टरच्या शिक्षणकर्जाचा हप्ता भरत असतो, आणि ते त्याला माहीतही नसतं. वैद्यकीय शिक्षण महाग झालं असेल तर त्याविरुद्ध सरकारशी भांडायला संघटनेला कुणी अडवलेलं नाही. ते ओझं गुपचूप रुग्णाच्या डोक्यावर ठेवण्याचा अधिकार मात्र तिला कुणी दिलेला नाही. आतल्या माणसांविरुद्ध बोलण्याची ही तयारी नसेल, तर बाहेर सरकारला सुनावलेले चार शब्द पोकळ वाटतात.

तिसरा आक्षेप आजच्या काळाचा आहे. आता महात्मा फुले जनआरोग्य योजना आहे, २०१४ पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका आहे. छोट्या केंद्रांचा जुना आग्रह कशाला? हृदयाच्या शस्त्रक्रियेसाठी, कर्करोगासाठी विमा योजनेने गरिबांना मोठा आधार दिला हे मान्यच आहे. पण विमा पैशाचा प्रश्न सोडवतो, वेळेचा नाही. विंचूदंशात, सर्पदंशात, प्रसूतीतल्या रक्तस्रावात पहिले काही तास निर्णायक असतात. योजनेचं कार्ड घाट लहान करत नाही. भारतात २००० ते २०१९ या वीस वर्षांत सर्पदंशाने सुमारे बारा लाख माणसं मेली, असा २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाचा अंदाज आहे, आणि त्यांतले बहुतेक मृत्यू खेड्यांतले आहेत. २०२४ च्या राष्ट्रीय कृती आराखड्याने २०३० पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणायचं ठरवलं आहे. ते विमा कंपनीच्या खिडकीवर होणार नाही. लस टोचायला न घाबरणाऱ्या, रात्री जाग्या असलेल्या केंद्रातच होईल. २२ जुलै २०२१ ला महाड पुराखाली गेलं, तालुक्यातल्या तळिये गावावर डोंगर कोसळून ऐंशीहून अधिक माणसं गेली, पोलादपूर तालुक्यातही दरडींनी बळी घेतले, आणि रस्ते बंद झाल्याने बाहेरची मदत पोचायला उशीर झाला. अशा रात्री जे जवळ असतं तेवढंच उपयोगी पडतं.

‘टिकाऊ’ या शब्दाकडेही याच नजरेने पाहायला हवं. सत्तरच्या दशकात याच जिल्ह्यात, तेव्हाच्या कुलाब्यात, अलिबागजवळच्या मांडव्याला डॉ. नोशीर अँटिया यांनी गावातल्याच बायकांना आरोग्यसेविका म्हणून तयार केलं. प्रयोग फळाला आला; साध्या आजारांसाठी डॉक्टरची वाट पाहण्याची गरज कमी झाली. पण स्थानिक सत्ताधाऱ्यांच्या विरोधापुढे तो काही वर्षांत गुंडाळावा लागला. उत्तम कल्पना होती, अनुभवी डॉक्टर होते, गावच्या बायका तयार झाल्या होत्या. पाठीशी उभी राहणारी संघटित ताकद तेवढी नव्हती. बिरवाडीचं ज्ञान टिकलं कारण ते छापलं गेलं. मांडव्याची व्यवस्था टिकली नाही कारण ती राखायला कुणी नव्हतं. ज्ञान एकटा माणूस निर्माण करू शकतो, व्यवस्था राखायला मात्र अनेक हात लागतात.

म्हणून महाड-पोलादपूरसारख्या तालुक्यांतल्या डॉक्टरांच्या संघटनांनी वार्षिक अधिवेशनात मोठे ठराव करण्याआधी काही साध्या गोष्टी हाती घ्याव्यात. आपल्या भागातल्या प्रत्येक केंद्रात प्राझोसिन, विंचू आणि सर्पदंशाची लस आहे का, रात्री कोण असतं, रुग्णवाहिकेला वाडीपर्यंत पोचायला किती वेळ लागतो, हे दर वर्षी मोजावं आणि नावनिशीवार जाहीर करावं. कमिशनबद्दलची तक्रार आधी स्वतःच्या शाखेत ऐकून घ्यावी. डोंगराळ भागात केंद्राचं प्रमाण डोक्यांऐवजी अंतरावर ठरवावं, ही मागणी सरकारपुढे धरून ठेवावी. यातून सभासदांचं उत्पन्न वाढणार नाही. काहींचं कमीही होईल. पण ज्या रुग्णाकडे द्यायला पैसे नाहीत त्याची बाजू घेतल्याशिवाय व्यवसायाच्या प्रतिष्ठेची मागणी करता येत नाही, आणि १९२८ च्या त्या उद्दिष्टांत प्रतिष्ठेच्या आधी सार्वजनिक आरोग्य लिहिलेलं आहे. तो क्रम पाळायला नव्या कायद्याची वाट पाहण्याची गरज नाही.